दुकानातली मागची सायकल

महाडच्या बाजारपेठेत एक सायकलचे दुकान आहे. कॉलेज सुटल्यावर घरी जाताना मी तिथे हवा भरायला थांबतो, आणि हवा भरून झाल्यावरही थोडा वेळ रेंगाळतो. दुकानाच्या दारात नव्या सायकलींची रांग असते. जाड टायर, लाल-हिरवे पट्टे, हँडलला अजून प्लॅस्टिक गुंडाळलेले. आपल्यापैकी बहुतेकांची नजर तिथेच थांबते. पण जरा आत डोकावून पाहा. आत भिंतीला टेकून आणि आढ्याच्या आकड्यांना टांगून आणखी काही सायकली असतात. त्याही कोऱ्याच; कोणी कधी त्यांच्यावर बसलेले नाही. पण त्या मागच्या वर्षीच्या, क्वचित त्याच्याही मागच्या. नवे मॉडेल आले की ह्या न खपलेल्या सायकलींचे काय होते, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय.

तुम्ही म्हणाल, कारखाना परत घेत असेल. न खपलेले वर्तमानपत्र परत जाते, तशी सायकल सहसा जात नाही. लुधियानाहून माल येतो तो खोक्यात, सुट्या भागांचा. चाके वेगळी, हँडल वेगळे, पेडल वेगळी. दुकानदार ती जुळवतो, चाकाचा आऊट काढतो, ब्रेक बसवतो आणि दारात उभी करतो. एकदा जुळवलेली सायकल पुन्हा खोक्यात जात नाही. पैसे घाऊक व्यापाऱ्याला दिलेले असतात, किंवा द्यायचे असतात. तेव्हा मागे उभी असलेली प्रत्येक सायकल म्हणजे दुकानदाराचे अडकलेले पैसे. त्यांवर व्याज चढत असते, आणि सायकलीवर धूळ.

हा प्रश्न आमच्या आजोबांच्या पिढीला फारसा पडला नसावा. स्वातंत्र्यानंतरच्या दहा वर्षांत आपल्याकडे सायकलीचे मोठे कारखाने उभे राहिले. मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल्स १९४९ साली, सोनीपतला ॲटलस १९५१ साली, लुधियानाला हिरो १९५६ साली. मुंबईत वरळीला हिंद सायकल होती, तिकडे आसनसोलला सेन-रॅले. नावे निराळी, पण सायकल जवळजवळ एकच: काळी, उंच, २८ इंची चाकांची, सळईच्या ब्रेकची, मागे भक्कम कॅरियर. १९५५ साली आलेली सायकल १९६५ साली दुकानात उभी असती, तर नुसते पाहून तिचे वय तुम्हाला सांगता आले नसते. फडके मारले की ती नवीच. जिथे मॉडेल बदलत नाही, तिथे न विकलेली वस्तू उशिरा विकली जाते, इतकेच.

माझ्या लहानपणी, १९९०च्या सुमारास, हे बदलताना मी पाहिले. सरळ हँडलच्या, जाड टायरच्या, रंगीत सायकली आल्या आणि आम्हा पोरांना वडिलांच्या काळ्या सायकलीची एकदम लाज वाटू लागली. ती बिचारी काल होती तशीच आज होती. तिच्यात काही बिघडले नव्हते. तिच्याशेजारी नवी येऊन उभी राहिली, एवढेच घडले होते.

हा खेळ तसा जुना आहे. अमेरिकेत १८९०च्या दशकात सायकलीचे वेड शिगेला पोहोचले होते. कारखाने दरवर्षी नवे मॉडेल काढीत. थोडा नळ्यांचा आकार बदलायचा, थोडे हँडल बदलायचे आणि मागचे वर्ष बाद करायचे. दोन-चार वर्षे ठीक चालले. मग लोकांच्या सायकली घेऊन झाल्या आणि कारखान्यांच्या करून होईनात. कोलंबिया ही तिथली नामांकित सायकल, किंमत १०० डॉलर. १८९७ साली ती ७५ डॉलरवर आणावी लागली. १८९९ साली चाळीसहून अधिक कारखान्यांनी एकत्र येऊन एक मोठी कंपनी केली. तीही १९०२ साली कर्जात बुडाली. आपल्या काळातला दाखला हवा असेल तर तोही आहे. २०२० साली करोनाच्या साथीत जगभर लोक सायकलीकडे वळले, दुकाने रिकामी झाली, सर्वांनी भराभर मागण्या नोंदवल्या. माल पोहोचेपर्यंत ओढ ओसरली होती. २०२३ साली जपानच्या शिमानो कंपनीची, जी जगभरच्या सायकलींना गिअर आणि ब्रेक पुरवते, विक्री सुमारे चौथ्या भागाने घटली. कारण गोदामे आधीच भरलेली होती.

आता आपण महाडला परत येऊ. इथे मागच्या सायकलीला आणखी एक शत्रू आहे: पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात लोखंड काय टिकणार! नुसती उभी राहून रिमवर तांबेरा चढतो, तारा काळ्या पडतात, टायरच्या बाजूंना बारीक चिरा जातात, हबमधले ग्रीस घट्ट होते. म्हणून दुकानदाराला घाई असते. आधी तो किंमत उतरवतो. मग गणपतीला नि मे महिन्यात चाकरमानी येतात, त्यांच्या पोरांना दाखवतो. तरी राहिली तर एखाद्या क्रिकेटच्या सामन्यात बक्षीस म्हणून खपते. पूर्वी अशी सायकल तासावर भाड्याने लावीत. तो धंदा आता बसला. शेवटचा उपाय म्हणजे ती उघडायची आणि तिचे भाग दुसऱ्या सायकलींच्या दुरुस्तीला वापरायचे. तेही कोणाला बसत नसतील, तर भंगारवाला आहेच. तो मॉडेल विचारत नाही, किलो विचारतो.

'तेही कोणाला बसत नसतील तर' हे शब्द मी मुद्दाम वापरले. त्यांचा अर्थ मला जुलै २०२१च्या महापुरात कळला. सावित्री-गांधारीचे पाणी बाजारपेठेत शिरले, तेव्हा ह्या दुकानातल्या यंदाच्या आणि मागच्या सगळ्या सायकली एकाच चिखलात गेल्या. पाणी ओसरल्यावर शेठ आणि त्यांचा मुलगा रस्त्यावर बसून एकेक सायकल उघडत होते. साध्या सायकलींचे हब, मधला एक्सल, सगळे डिझेलमध्ये धुतले, नवे छर्रे घातले, ताजे ग्रीस भरले. त्या उभ्या राहिल्या. "पुरातली आहे" असे सांगून शेठनी त्या कमी किमतीत विकल्या. पण स्प्रिंगच्या चिमट्यांच्या आणि डिस्क ब्रेकच्या सहा-सात सायकली होत्या, दोन वर्षांपूर्वीच्या मॉडेलच्या. त्यांचे भाग मागवायला गेले तर उत्तर आले, ते आता बनत नाहीत. त्या वजनावर गेल्या.

मी शेठना म्हटले, "महागातल्याच गेल्या की हो!"

ते म्हणाले, "सर, जिचा भाग कुठंही मिळतो ती सायकल मरत नाही. जिचा भाग एकाच कंपनीचा, ती कंपनीनं मॉडेल बदललं त्या दिवशीच मेली. आपल्याला कळतं मागाहून."

अर्थशास्त्र शिकवून माझी वीस वर्षे झाली. पण घसारा ही गोष्ट इतक्या थोडक्यात मला वर्गात कधी सांगता आली नव्हती.

गेल्या जूनमधली गोष्ट सांगतो. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीतले गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. मुलगी आठवीत गेली होती, हायस्कूल चार किलोमीटरवर. तिची नजर दारातल्या गिअरच्या सायकलीवर, बापाची नजर किमतीच्या चिठ्ठीवर. शेठनी आतून एक जांभळी सायकल काढली.

बाप म्हणाला, "शेठ, हिच्यात काय कमी हाय?"

"कमी काही नाही. स्टिकर मागच्या वर्षाचे आहेत."

"आन् ती गिअरवाली?"

"चढाला बरी, खोटं कशाला सांगू? पण पावसात कुठं आपटली आणि गिअर वाकला, तर इथवर घेऊन यायला लागेल. ही जांभळी पोलादपूरला कोणीही नीट करून देईल."

मुलगी गप्प. बाप तिला म्हणाला, "बाय, तूच सांग. चालवायची तुला हाय." तिने जांभळीवर बसून एक फेरी मारली, ब्रेक दाबून पाहिला, घंटी वाजवली आणि मान डोलावली. मनापासून की बापाकडे पाहून, ते मला सांगता येणार नाही. शेठनी दोन्ही ट्यूब नव्या घातल्या, हब उघडून ग्रीस भरले, बिलावर फ्रेमचा नंबर लिहिला. ती दोघे गेल्यावर मी विचारले, "सुटले का काही?" "व्याज सुटलं," शेठ म्हणाले, "आणि जागा झाली."

मागची सायकल घ्यावी की न घ्यावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. घ्यायची झाली तर चार गोष्टी पाहून घ्या. टायर बोटांनी दाबून बाजूला चिरा आहेत का ते पाहा; असतील तर टायर बदलून मागा. चाक उचलून फिरवा. खरखर आली तर हब उघडून ग्रीस भरायला सांगा. ब्रेकचे रबर कडक झाले असेल तर बदलून घ्या, ते स्वस्तात मिळते. आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: ह्या सायकलीचे टायर, चेन आणि छर्रे तुमच्या गावच्या कारागिराकडे मिळतात का, हे सायकल घेण्यापूर्वी त्यालाच विचारा. मुलासाठी घेत असाल तर वर्षापेक्षा उंची पाहा. मॉडेल वर्षाने जुने होते, पण मूल वर्षात दोन बोटे वाढते.

दुकानदारांनाही एक विनंती आहे. मागची सायकल मागची म्हणूनच विका. नवे स्टिकर चिकटवून ती यंदाची म्हणून गळ्यात मारणारे काही जण आहेत. तशी एक माझ्याही घरी येऊन गेली. तिच्यात दोष नव्हता, पण त्या दुकानात मी पुन्हा पाऊल टाकले नाही. फडताळात वर्षभर राहिलेल्या मिठाला कोणी शिळे म्हणत नाही, आणि सायकल त्या मिठासारखीच आहे. खरे सांगून विकली तर तिला गिऱ्हाईक मिळते.

पुढच्या वेळी सायकलच्या दुकानात गेलात तर दारातली रांग जरूर पाहा. नवे पाहण्याचा आनंद कोणी का सोडावा? पण मग दुकानदाराला एवढे विचारा, "शेठ, आत मागे काय आहे?" बहुधा तो उठेल, फडके घेईल, आणि आढ्यावरून एक कोरी सायकल तुमच्यासाठी खाली उतरवील.