छोले आणि बोअरचं पाणी



भिवंडी म्हटलं की यंत्रमागांची खटखट आठवते. मागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या करणारे कितीतरी कामगार उत्तर प्रदेश-बिहारकडचे. बिऱ्हाड गावी, जेवण इथल्या भिशीत, म्हणजे खाणावळीत, महिन्याच्या हिशेबानं. त्यांच्या शेजारानं छोले आता आमच्या आगरी घरांतही रविवारी शिजतात. हरभरा आम्हाला नवा नाहीच; भात कापला की शेतातल्या ओलीवर वाल-हरभरा टाकायची इथली जुनी रीत. फक्त तो बारीक, तपकिरी, जाड सालीचा. छोल्यांना लागतात ते टपोरे काबुली चणे.

बायकांची हमखास तक्रार असते, "शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, तरी दाणा टणकच!" मग दुकानदाराचा उद्धार होतो. चणे जुने असले तर शिजत नाहीत, हे खरं. पण आधी पाणी बघा. बोअरच्या जड पाण्यातला चुना दाण्यातल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतो आणि दाणा मऊ होत नाही. म्हणून भिजवायला आणि शिजवायला पिण्याचंच पाणी घ्या. आठ-दहा तास भिजवा, भिजवतानाच मीठ घाला. कुकरमध्ये वाटीभर चण्यांना चिमूटभर खायचा सोडा पुरे. जास्त झाला तर साबणासारखी चव येते, शिवाय बी-१ जीवनसत्त्वही जातं. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून वीसेक मिनिटं ठेवा. मग एक दाणा चिमटीत दाबा. नखाचा जोर न लावता त्याचं पीठ झालं पाहिजे.

टोमॅटो, चिंच, आमचूर यांतलं काहीही त्याआधी घालायचं नाही. आंबटानंही दाणा आखडतो.

आता फोडणी. तेलात जिरं, तमालपत्र. कांदा चांगला तांबूस होऊ द्या, घाई इथेच नडते. आलं-लसूण, टोमॅटो, धणेपूड घालून तेल सुटेपर्यंत परता. पाकिटातला छोले मसाला घाला, माझी ना नाही; पण उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेला आगरी मसाला घरात असताना पाकीट कशाला फोडायचं? तो तिखट असतो, चमचाभरच घाला. रंगासाठी चहाच्या पत्तीची पुरचुंडी टाकतात, मला तो नुसता देखावा वाटतो.

शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका. त्याच पाण्यात छोले मसाल्यावर घाला, पळीभर दाणे ठेचा, म्हणजे रस्सा मिळून येतो. पंधरा मिनिटं उकळू द्या. उतरवताना आमचूर आणि आल्याच्या बारीक काड्या. भटुरे तळायचा कंटाळा आला तर तांदळाची भाकरी थापा, छोल्यांशी ती छान जाते.