अनामिक झरण्यांची ओळख



आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं एखाद्या जुन्या पेटीच्या तळाशीं वडिलांचें किंवा आजोबांचें फौंटनपेन पडलेलें असेल. आंतली शाई कधींच वाळली आहे, टोंक वांकडें झालें आहे. अंगावर पार्कर, शेफर किंवा वॉटरमन यांपैकीं कोणाचेंहि नांव नाहीं, म्हणून त्याची चौकशी कोणी करीत नाहीं. नामांकित पेनांचीं वर्णनें ग्रंथांतून सांपडतात. हीं अनामिक पेनें मात्र भंगारांत जातात. तीं ओळखावीं कशीं व जपावीं कशीं, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

बोरू व टाक दौतींत बुडवून लिहिणाऱ्यांना फौंटनपेन म्हणजे मोठें नवल वाटलें. न्यूयॉर्कच्या लुई वॉटरमननें १८८४ सालीं आपल्या पेनाचें पेटंट घेतलें. पुढें अमेरिकन व विलायती पेनें आपल्याकडेहि आलीं. मराठींत त्यांना 'झरणी' हें सुरेख नांव मिळालें, पण वस्तु परदेशीच राहिली. १९०५ सालीं पुण्यांत परदेशी कपड्यांची होळी झाली. खिशांतलें पेन स्वदेशी होण्यास त्यानंतर सुमारें पाव शतक जावें लागलें. आंध्रांतील राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम् यांनीं हें काम अंगावर घेतलें. त्यांचें पेन गांधीजींनीं वापरून पाहिलें, आणि परदेशी पेनाच्या जागीं तें चालण्याजोगें आहे असें १९३५ सालीं वर्ध्याहून पत्रानें कळविलें. इकडे मुंबईंत दांडेकर बंधूंनीं १९३१ सालीं शाईचा धंदा काढला होता. त्यांची 'कॅमल' शाई पुढें शाळेशाळेंत पोंचली. देशी पेनेंहि वाढलीं. त्यांतील 'विल्सन' हें नांव ऐकून तें विलायती वाटावें. पण होतें तें इथलेंच. तेव्हां नुसत्या नांवावर जाऊं नये, हा पहिला धडा.

नांवच नसेल तर काय पाहावें? प्रथम अंग पाहावें. काळें पेन अंगठ्यानें जोरानें चोळून लगेच हुंगावें. गंधकाचा वास आला तर तें एबोनाईट, म्हणजे गंधक घालून कठीण केलेलें रबर. उन्हानें व दमटपणानें तें तपकिरी, कधीं हिरवट होतें. कापराचा वास आला तर तें सेल्युलॉईड. तें चटकन् पेटतें, म्हणून दिव्यापासून दूर ठेवावें.

मग शाई भरण्याची तऱ्हा पाहावी. कुशीला छोटी दांडी असेल तर आंत रबरी पिशवी असणार. ही युक्ति शेफरनें १९०८ सालीं पेटंट केली. दांडी नाहीं, पिशवी नाहीं, मान फिरवून काढतांच पोकळ नळी दिसते व शाई काचेच्या ड्रॉपरनें भरावी लागते, तर तें देशी असण्याचा संभव बराच. एबोनाईटची कांडी लेथवर कांतून असें पेन लहान कारखान्यांतहि होई. शाई पुष्कळ मावे आणि बिघडण्यासारखें आंत कांहीं नसे.

निबावर '१४ कॅरट' व 'वॉरंटेड' एवढेंच असेल आणि कंपनीचें नांव नसेल, तर त्यावरून निर्णय करूं नये. निबें सुटीं विकलीं जात व बदललींहि जात. शेवटीं पेन उजेडांत तिरपें धरून भिंगानें अंगावरचीं पुसट अक्षरें वाचावीं. खरी साक्ष तेथें असते.

ही साक्ष मीं स्वतः एकदां गमावली आहे. वडिलांच्या निधनानंतर त्यांचें काळें पेन माझ्या हातीं आलें. वाळलेली शाई निघावी म्हणून मीं तें गरम पाण्यांत ठेवलें, तों त्याचा काळा रंग मातकट झाला. तो सुधारण्यासाठीं पॉलिश लावून घासलें. पेन चकाकलें, परंतु नळीवरच्या दोन बारीक ओळी पार गेल्या. तेथें अक्षरें होतीं एवढें मला आठवतें. काय होतीं तें आठवत नाहीं. वडिलांनीं ज्या पेनानें जन्मभर हिशेब लिहिले, तें कोणाच्या हातचें होतें हें मला आतां कधींच कळणार नाहीं. म्हणून सांगतों : थंड पाणी व मऊ फडकें, एवढ्यावर थांबावें. स्पिरिट लावूं नये, पॉलिश तर नकोच.

पुण्याचा जुना बाजार बुधवारीं व रविवारीं भरत आला आहे. तेथें अशीं पेनें मिळतात; पण निब सोन्याचें असलें कीं तें मोडींत जातें आणि उरलेलें पेन कचऱ्यांत, असेंहि मीं पाहिलें आहे. नळीवर पहिल्या मालकाचें नांव कोरलेलें असलें तर विकणारा किंमत उतरवतो. संग्राहकानें तेंच पेन आधीं उचलावें व तें नांव पुसूं नये. आपल्याच शहरांतील दिनकर केळकरांनीं अडकित्ते व दिवे यांसारख्या घरगुती वस्तु जमवून राजा केळकर संग्रहालय उभें केलें. त्यांतील पुष्कळ वस्तूंचे कर्तेहि अनामिकच आहेत.

पेन कोठें मिळालें, लांबी किती, शाई कशी भरावयाची, निबावर व नळीवर काय कोरलें आहे, हें प्रत्येकाचें एका वहींत टिपून ठेवावें. बाजारांत जाण्यापूर्वीं घरची पेटी उघडा. तीतलें पेन कोणी, कोणत्या दुकानांतून, कशासाठीं घेतलें, हें घरांतल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा, आणि तें चिठ्ठीवर लिहून पेनाशेजारीं ठेवा. मला हें विचारावयाचें सुचलें, तेव्हां उत्तर देणारें कोणी उरलें नव्हतें.