‘पगार’ शब्दाचे कूळ

लोहारा हे गाव यवतमाळच्या अगदी लगतचे. इथे महिना भरला की नोकरदार एकमेकांस विचारतात, “पगार झाला काय?” कापूस वेचणारी बाई ‘मजुरी’ म्हणते, सालगड्याचे ‘साल’ ठरते, आणि विकलेल्या कापसाचा ‘चुकारा’ येतो. यांतला ‘पगार’ तेवढा समुद्रापलीकडून आला आहे.

तो पोर्तुगीजांचा शब्द. त्यांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५३४ मध्ये वसई मिळवली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकून घेतली. पण पाव, चावी, घमेले आणि पगार हे शब्द मराठीत राहिले ते राहिलेच. पोर्तुगीजांच्या भाषेत मात्र ‘पगार’ हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ पैसे देणे. आपण त्याचे नाम केले. शेजारच्या स्पेन देशातील स्पॅनिश, गॅलिशियन आणि कातालान या भाषांतही हेच क्रियापद चालते.

या साऱ्या भाषांची आई लॅटिन. तिच्यात ‘पाक्स’ म्हणजे शांतता, आणि त्यावरून झालेले ‘पाकारे’ म्हणजे शांत करणे. रोमन सैन्य एखादा मुलूख जिंकून ‘शांत’ करी, तेव्हा हाच शब्द वापरीत. पुढे घेणेकऱ्याचे समाधान करणे, आणि अखेर पैसे देणे, असा अर्थ सरकत आला. इंग्रजीतले ‘पे’ आणि ‘पीस’ हे शब्दही फ्रेंचमार्गे त्याच घरातून आले आहेत.

मराठीने निराळे पाहिले. आपण ऋण ‘फेडतो’. फेडणे म्हणजे मुळात सोडणे, उकलणे. लॅटिनने घेणाऱ्याच्या मनाकडे पाहिले, मराठीने देणाऱ्याच्या गळ्यातील गाठीकडे. दोन्ही खरे. पैसा हाती पडेपर्यंत एकाचे मन शांत नाही, की दुसरा मोकळा नाही. बाजाराचा दिवस टळल्यावर दिलेली मजुरी पै-पैशाने पुरी असली, तरी त्या आठवड्याचे तेलमीठ परत येत नाही. देणे वेळेवर झाले, तरच ते देणे!

शिक्षक बंधुभगिनींनो, लोहाऱ्याच्या नावातच लोहार आहे. गावोगावच्या लोहाराला विळे-फाळ करून दिल्याबद्दल सुगीत धान्याचे बलुते मिळे. देण्याघेण्याचे असे किती शब्द आपल्या गावात आहेत, ते मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून विचारून वहीत उतरवायला सांगा. कोण कुणाला, कशाबद्दल आणि केव्हा देत असे, हेही शेजारी लिहू द्या. त्या वहीत भाषा सापडेल, आणि गावाचा हिशेबही.