चाळिशीनंतरची दुसरी वाट

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कमिटीने मला विषय दिला, ‘मध्यमवयात नवे करिअर’. तो ऐकून एक शेजारी म्हणाले, “आता काय जी, हप्ते फेडायचे की करिअर बदलायचं?” प्रश्न अगदी रास्त आहे.

पण आपल्या मौद्याकडेच बघा ना. कन्हानच्या काठचा हा धानाचा पट्टा. इथे एनटीपीसीचा २३२० मेगावॅटचा वीज प्रकल्प उभा राहिला आणि धान करणारे कितीतरी हात ऐन चाळिशीत वेल्डिंग, ड्रायव्हिंग, सिक्युरिटी, खानावळ, किराणा अशा कामांकडे वळले. त्याला त्यांनी ‘करिअर’ म्हटलं नाही, एवढंच.

आता आपल्या विदर्भाचं मोठं नाव घेतो. पं. वसंतराव देशपांडे. १९२० साली मूर्तिजापूरला जन्म, नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे गाण्याचे धडे. पण पोटासाठी त्यांनी लष्कराच्या लेखा विभागात अनेक वर्षं कारकुनी केली. चाळिशी ओलांडल्यावर नोकरी सोडली. १९६७ साली नागपूरच्याच पुरुषोत्तम दारव्हेकरांचं ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आलं. त्यातले खाँसाहेब वसंतरावांनी साकारले, तेव्हा त्यांचं वय ४७ होतं.

दुसरे डॉ. श्रीराम लागू. कान-नाक-घशाचे सर्जन. १९६९ साली, चाळिशी उलटल्यावर, ते पूर्णवेळ नट झाले. पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ आलं.

दोघांनीही एका रात्रीत उडी मारली नव्हती, हे ध्यानात घ्या. वसंतराव नोकरी सांभाळून गात होते, डॉक्टर दवाखाना सांभाळून नाटकं करत होते. दुसरी वाट पायाखालची झाल्यावर त्यांनी पहिली सोडली. आपल्याला जमण्यासारखी गोष्ट हीच आहे.

आता हप्त्यांचं बोलू. नोकरी सोडण्याआधी किमान सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला ठेवा. कंपनीचा आरोग्य विमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो, म्हणून स्वतःचा विमा आधी काढा. भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते. स्वतःचा धंदा टाकायचा असेल आणि नववं वर्ष चालू असेल, तर थोडं थांबा. शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. तिथे संसार करता करता शिकता येतं. लेकरं मोठी झाल्यावर पुन्हा काम करू पाहणाऱ्या ताईंनो, हे तुमच्यासाठीही आहे.

आणि घरी लपवू नका. मी पूर्वी राहायचो त्या वस्तीत एका भाऊंचं कंत्राट संपलं होतं. तरी ते रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, बसस्टँडवर बसून संध्याकाळी परत यायचे. बायकोला दोन महिने पत्ता नव्हता. पैशाची चणचण त्यांनी सोसली असती जी, “काहून बाप्पा, घरीच?” हा शेजाऱ्यांचा प्रश्न त्यांना सोसवत नव्हता.

तो प्रश्न विचारणारे आपणच असतो. म्हणून माझी एक विनंती आहे. कोणाचं काम सुटलं तर कारण विचारू नका, “काय येतं तुम्हाला?” असं विचारा. आपल्या संस्थेत हिशेब जाणणारे आहेत, इलेक्ट्रिशियन आहेत, शिवणकाम करणाऱ्या, शिकवणी घेणाऱ्या ताई आहेत. दर रविवारी एक तास ऑफिसची खोली उघडी ठेवू. ज्याला जे येतं ते त्याने सांगावं, ज्याला हवं त्याने विचारावं. कर्जाचा फॉर्म भरायला, पहिलं गिऱ्हाईक मिळवून द्यायला शेजारीच कामी येतो.

पंचवीस वर्षांत आपण पाण्याची टाकी बांधली, लाइट लावले, वर्गणीवरून भांडलो आणि पुन्हा गणपतीत एकत्र आलो. एकमेकांची दुसरी वाट सोपी करणं हेही त्याच यादीत घालूया. पुढच्या रविवारी दहा वाजता मी ऑफिसात बसतो. या.