स्क्रीनसमोर उभा राहणारा माणूस
(वर्गमित्रांच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

व्यासपीठावरचे आमचे सर, बाई, आणि १९९१ च्या दहावीच्या माझ्या सगळ्या मित्र-मैत्रिणींनो,

प्रत्येकानं आपल्या कामाबद्दल पंधरा मिनिटं बोलायचं, असं संयोजकांनी सांगितलं आहे. मघाशी नाश्त्याच्या वेळी तिघांनी मला विचारलं, "तू पुण्यात नेमकं करते काय?" मी म्हटलं, मशीनला डिस्प्ले बसवतो. त्यावर एकानं विचारलं, "म्हणजे टीव्ही दुरुस्ती काय?" तेव्हा आधी तेवढं समजावून सांगतो.

जिनिंगचं मशीन, दाल मिल, तोलकाटा, कोल्ड स्टोरेजचं पॅनेल यांच्यावर आता छोटी स्क्रीन असते. तापमान किती, मोटर किती करंट घेते, बिघाड कुठे आहे, हे ती दाखवते. बाजारात मिळणारी स्क्रीन उचलून मशीनवर चिकटवली असं होत नाही. मशीनच्या आतल्या सर्किटशी ती जोडावी लागते, तिच्यावर काय आणि कसं दिसेल ते ठरवावं लागतं, धूळ, उष्णता आणि हादरे यांत ती टिकवावी लागते. हे माझं काम. बावीस वर्षं करतो आहे.

आज मात्र मी या कामातली माझी एक चूक सांगणार आहे. ती या भागातल्याच एका जिनिंग फॅक्टरीत झाली, आणि ती मला दाखवून देणारा माणूस आपल्याच वर्गातला आहे. तो आज समोर बसला आहे. "माह्यं नाव घेशीन तं मी उठून जाईन," असं त्यानं सकाळीच बजावलं आहे, म्हणून नाव घेत नाही.

गोष्ट २०११ च्या हंगामातली. मी तेव्हा ज्या कंपनीत होतो तिला एका जिनिंग फॅक्टरीची ऑर्डर मिळाली. गाव आपल्या बाजूचं म्हणून काम माझ्याकडे आलं. डबल रोलर जिनांची रांग होती. प्रत्येक जिनाच्या बेअरिंगवर तापमानाचा सेन्सर बसवायचा, सगळी तापमानं दोन तारांवरून एका ठिकाणी आणायची आणि साडेचार इंचांच्या रंगीत स्क्रीनवर दाखवायची. बेअरिंग तापलं की सूचना. कापूस आणि आग यांचं नातं तुम्हाला सांगायला नको. बेअरिंग कोरडं पडून तापलं आणि त्याच्याभोवती रुईची लव साचलेली असली, तर पेट घ्यायला वेळ लागत नाही.

पुण्यात टेबलावर सगळं ठेवून आम्ही आठवडाभर तपासलं. अगदी झकास चाललं. मग इथे येऊन बसवलं, मालकाबरोबर फोटो काढला, चहा घेतला आणि मी परत गेलो.

तिसऱ्या आठवड्यात आग लागली. एका जिनाचं बेअरिंग तापलं, लव पेटली, ठिणगी रुईबरोबर पुढे गेली आणि एक ढीग जळाला. माणसाला इजा झाली नाही, हे नशीब. कंपनीनं मला चौकशीला पाठवलं. स्क्रीनच्या मेमरीत नोंद होती, की सूचना दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आली, बावीस मिनिटं स्क्रीनवर होती आणि कोणीही बटण दाबलं नाही. मी अहवाल लिहिला. त्यात दोनच वाक्यं महत्त्वाची होती. "यंत्रणेने वेळेवर सूचना दिली. ऑपरेटरने तिच्याकडे दुर्लक्ष केले." खाली सही केली. दुसऱ्या दिवशी ऑपरेटरला कामावरून काढलं. ऐन हंगामात.

आपला मित्र त्याच फॅक्टरीत फिटर होता. संध्याकाळी गेटबाहेरच्या टपरीवर तो भेटला. रागावला नाही. एवढंच म्हणाला, "रिपोर्ट लिहला ना? बरं केलं. आता उद्या दुपारी तीन वाजता ये, अन् त्या मानसाच्या जागेवर उभा राहून पाह्य."

मी गेलो. ऑपरेटरची जागा जिनांच्या रांगेला लागून असलेल्या उंच लोखंडी प्लॅटफॉर्मवर होती. स्क्रीन बसवताना मी खाली जमिनीवर उभा होतो, तेव्हा ती माझ्या डोळ्यांसमोर होती. प्लॅटफॉर्मवरून ती गुडघ्याच्या खाली येत होती. शिवाय पश्चिमेचं शटर उघडं होतं आणि तीनचं ऊन थेट काचेवर पडत होतं. मला काचेत प्लॅटफॉर्मचा कठडा दिसला आणि माझी स्वतःची सावली दिसली. अक्षर एकही दिसलं नाही.

याचं शास्त्रीय कारण साधं आहे. त्या काळच्या स्वस्त स्क्रीनला बघण्याची एक दिशा असायची. आमची स्क्रीन, घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर, सहाच्या बाजूनं, म्हणजे खालच्या अंगानं बघण्यासाठी केलेली होती. टेबलावर आडवी ठेवली की आपण बरोबर त्याच बाजूला बसतो, म्हणून पुण्यात ती झकास दिसली. वरून पाहिलं की तिचे रंग उलटतात, काळ्याचं पांढरट होतं. त्यात तिचा उजेड घरातल्या वापरापुरता, अडीचशे-तीनशे निटचा. उन्हात वाचायची तर आठशे-हजार निट लागतात. हे दोन्ही आकडे स्क्रीनच्या कागदावर छापलेले होते. मी ते वाचलेही होते.

सर, तुम्ही प्रयोगशाळेत आम्हाला बजावायचात, की वाचन घेताना डोळा काट्याच्या सरळ समोर ठेवा, तिरपं पाहाल तर आकडा चुकेल. त्यासाठी माझा अर्धा गुण तुम्ही कापला होता. वीस वर्षांनी मी एका माणसाला तिरपं उभं केलं, आणि गुण कापले ते त्याचे.

अजून दोन गोष्टी होत्या. सूचना इंग्रजीत होती, तीही तोडून लिहिलेली: 'बीआरजी ४ हाय टेंप'. आणि दुसरी गोष्ट जास्त वाईट. पहिल्या आठवड्यात मोटर सुरू होताना सेन्सरच्या तारांत गोंधळ शिरायचा आणि खोटी सूचना यायची. ऑपरेटरनं फोन करून विचारलं, तेव्हा मीच सांगितलं होतं, "तिकडे लक्ष देऊ नका, मशीन चालू द्या." म्हणजे ज्या 'दुर्लक्षा'बद्दल मी त्याला दोषी ठरवलं, ते त्याला मीच शिकवलेलं होतं. माझ्या अहवालात हे नव्हतं, कारण मशीनच्या मेमरीत माझा फोन नोंदलेला नव्हता.

आम्ही दोघं त्या ऑपरेटरच्या घरी गेलो. वयानं मोठा माणूस. मी माफी मागितली. त्यांनी पाणी दिलं, चहा केला आणि जे बोलले ते मी कधी विसरलो नाही. "साहेब, मले वाचता येत नाही असं नाही. मी रोज पेपर वाचतो. पन तो मराठी असते." आणि मग म्हणाले, "काच नव्हती तवा मी दर अर्ध्या घंट्यानं बेअरिंगले हात लावून पाहो. काच आली, तं सुपरवायझर म्हने आता हात लावाचं काम नाही, काचच सांगते. काचीनं काही म्हटलं नाही, म्हनून मी बिनघोर रायलो."

मी नवा अहवाल लिहिला. चूक आमच्या रचनेची आहे, असं स्पष्ट लिहून तो कंपनीला आणि मालकांना दिला. कंपनीत बोलणी खाल्ली, ती खायलाच हवी होती. पण त्या ऑपरेटरला त्या हंगामात परत घेतलं गेलं नाही. पुढच्या वर्षी त्यांना दुसरीकडे काम मिळालं. एका हंगामाची त्यांची मजुरी माझ्या सहीनं गेली, आणि ती भरून काढता येईल असा दुसरा कागद मला लिहिता आला नाही.

त्यानंतर माझ्या कामाची पद्धत बदलली. आता मी आधी मशीनवर जातो आणि ऑपरेटरच्या जागेवर पूर्ण एक पाळी उभा राहतो. ऊन कुठून येतं, तो कुठून बघतो, हातात मोजे असतात का, बोटांना तेल असतं का, ते पाहतो. मोजे असतील तर मोबाइलसारखा टच चालत नाही, दाबानं चालणारा टच किंवा सरळ बटणं लागतात. उन्हाळ्यात आपल्याकडे ४५ अंश असतं, पत्र्याच्या शेडमधल्या बंद डब्यात त्याहून बरंच जास्त. स्क्रीनच्या मर्यादेपलीकडे उष्णता गेली की ती काळी पडते आणि थंड झाल्यावर परत येते, म्हणून ७० अंशांपर्यंत चालणारी निवडावी लागते. रुईची लव आत जाऊ नये म्हणून समोरून धूळ आणि पाण्याचा मारा सोसणारी, आयपी ६५ दर्जाची बांधणी आणि रबरी पट्टी. सेन्सरच्या तारा मोटरच्या तारांपासून वेगळ्या, जाळीच्या वेष्टणातल्या. आणि मोठी सूचना नुसती स्क्रीनवर कधीच द्यायची नाही. लाल दिवा आणि भोंगा हवाच.

भाषेचं काम सगळ्यांत जास्त वेळ खाऊन गेलं. जुन्या दोन ओळींच्या डिस्प्लेमध्ये अक्षरं कारखान्यातूनच भरलेली असायची, इंग्रजी आणि जपानी. आपली म्हणून फक्त आठ अक्षरं घालता यायची, तीही पाच बाय आठ ठिपक्यांत. त्यात 'गरम' बसला, 'रुई' बसेना. रंगीत स्क्रीनवर जागा भरपूर, पण तिथे वेगळीच गंमत झाली. पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो, पण संगणक ती अक्षराच्या नंतर साठवतो. मोठा संगणक दाखवताना ती उचलून आधी आणून ठेवतो. आमच्या छोट्या चिपला ते येत नव्हतं. त्यामुळे 'स्थिती' लिहिलं की वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटायची आणि 'स्थ'चे तुकडे पडायचे. बाई, पहिली-दुसरी वेलांटी चुकली की तुम्ही लाल पेनानं गोल करायच्या. तो गोल मला स्क्रीनवर दिसायचा.

आपण दहावीला बसलो त्याच १९९१ साली देवनागरीसह भारतीय लिप्यांचं 'इस्की' हे मानक प्रसिद्ध झालं आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही आली. म्हणजे संगणकात मराठी साठवायची सोय तेव्हापासूनची. मशीनवर ती दिसत नाही याचं कारण तंत्र नसून आळस आहे, हे मला उशिरा कळलं. उपाय अगदी सोपा निघाला. एका मशीनला सूचना लागतात तरी किती? चाळीस-पन्नास. त्या चांगल्या मराठीत लिहायच्या, प्रत्येक वाक्याचं चित्र करायचं आणि चिपच्या मेमरीत ठेवायचं. चित्राला वेलांटी कळावी लागत नाही. पहिलं वाक्य आपल्या या मित्रानंच लिहून दिलं: "४ नंबरचं बेअरिंग तापलं. जिन बंद करा." मी 'कृपया तपासावे' असं लिहिलं होतं. तो म्हणाला, "आग लागाच्या वक्ती कृपया कोन वाचते?"

वलगावच्या मुलाला खरं तर हे वेगळं शिकवायची गरज नव्हती. २० डिसेंबर १९५६ रोजी इथेच, पेढी नदीजवळ गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबा ज्या गावात जात तिथे आधी झाडू घेऊन गाव झाडत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत, तेही समोरच्या माणसाच्या बोलीत, त्यालाच प्रश्न विचारत. आपण लहानपणी हे भाषणांत पाठ करून म्हटलं आहे. मी मात्र गाव न पाहताच कीर्तनाला उभा राहिलो होतो.

तुमच्यापैकी कोणाची दाल मिल आहे, कोणाची तेलघाणी, कोणी बचतगटाच्या मशीनचा व्यवहार बघतं. उद्या कोणी स्क्रीन लावलेलं मशीन विकायला आलं, तर माझ्यासारख्या माणसाला चार गोष्टी विचारा. भर दुपारी, चालवणाऱ्याच्या जागेवरून ती वाचता येते का? सूचना मराठीत आहेत का? स्क्रीन बंद पडली तरी मशीन थांबवणारं लाल बटण वेगळ्या तारेनं जोडलेलं आहे का? आणि दहा वर्षांनी तशी स्क्रीन कोण देणार? मशीन वीस वर्षं चालतं, स्क्रीनचं मॉडेल दोन-तीन वर्षांतही बंद होऊ शकतं. उत्तर मिळालं नाही, तर घेऊ नका. आणि घेतलंच, तरी अधूनमधून बेअरिंगवर लक्ष ठेवणारा माणूस काढू नका.

शेवटी, समोर बसलेल्या मित्रा, तू त्या दिवशी मला चारचौघांत बोलला असतास तर मी वाद घातला असता. तू मला नुसतं योग्य जागी उभं केलंस. नाव घेतलेलं नाही, तेव्हा आता उठून जाऊ नको. जेवण अजून व्हायचं आहे.