गाळ बसला, पण दाणा टिकेल का?

चाकणचे नाव निघाले की गाड्या आणि पेंट शॉप आठवतात. पेंट शॉपच्या सांडपाण्यात जिवाणूंना खायला फारसे नसते. तिथे आधी रसायनेच लागतात. अन्नप्रक्रिया, दूध किंवा शीतपेयांच्या कारखान्याचे पाणी मात्र वेगळे. त्यातला सेंद्रिय माल हवेविना पचवला, तर एका किलो सीओडीमागे (म्हणजे सेंद्रिय माल जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या मापामागे) ३५० लिटरपर्यंत मिथेन मिळतो आणि ब्लोअरची वीज वाचते.

यासाठीची ‘यूएएसबी’ टाकी १९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये संशोधक लेटिंगा यांनी विकसित केली. पुढे डच सहकार्याने ती कानपूरच्या जाजमऊमध्ये आली. पाणी तळातून शिरून वर चढते. जिवाणूंनी मोहरीएवढे दाणे धरलेले असतात आणि ते केवळ वजनाने खाली राहतात. दाणे वाहून गेले की पचनही थांबते. म्हणून गाळ कसा बसतो, ते मोजायचे.

पिंपरी-चिंचवडच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवर, ‘एसव्ही थर्टी’ चाचणी सर्वांच्या सवयीची. एक लिटरच्या मोजनळीत नमुना ओता, ३० मिनिटांनी पातळी वाचा. समजा, ३०० मिली गाळ बसला आणि लिटरमागे घनपदार्थ २० ग्रॅम आहेत. तर एसव्हीआय, म्हणजे ग्रॅममागे बसलेल्या गाळाचे मिली, १५. हवा देणाऱ्या पद्धतीत १०० च्या आसपासचा आकडाही चांगला मानतात, तेव्हा १५ पाहून ऑपरेटर खूश होणारच.

पण गाळ दोन मिनिटांत बसला की पंचवीस मिनिटांत, हे तो आकडा सांगत नाही.

त्यासाठी वेगळी चाचणी आहे. उंच पारदर्शक नळीत टाकीतून बाहेर पडणारे पाणी भरायचे, तापमान टाकीइतके ठेवायचे, कारण गार पाणी दाट असते आणि दाणा हळू पडतो. मग एकेक दाणा सोडून स्टॉपवॉच लावायचे. एक मीटर पडायला ९० सेकंद लागले, तर वेग ताशी ४० मीटर. चांगल्या दाण्यांचा वेग साधारण ताशी २० ते ८० मीटर असतो. चार मीटर उंचीच्या टाकीत पाणी आठ तास राहत असेल, तर ते ताशी अर्धा मीटरच चढते.

एवढी तफावत असूनही दाणे जातात, कारण मिथेनचे बुडबुडे त्यांना चिकटतात, तेल-चरबी त्यांना हलके करते, अचानक वाढलेल्या भाराने ते फुटतात. चाचणीआधी नमुना हलवून वायू काढला की तरंगणारा दाणाही आज्ञाधारकपणे तळाला जातो आणि निकाल उजळ दिसतो. म्हणून हलवण्यापूर्वी किती दाणे वर तरंगतात, ते आधी टिपायला हवे. जोरात ढवळूही नये. दाणे तुटले तर आपण भुगाच मोजतो.

प्रक्रिया अपुरी राहिलेले पाणी शेवटी पवना-इंद्रायणीलाच मिळते. बाहेरचा सीओडी वाढलेला दिसतो, तोवर दाणे गेलेले असतात. तेव्हा अशा टाक्या चालवणाऱ्यांनी रजिस्टरात सीओडीशेजारी तीन रकाने आखावेत: पाच मिनिटांची पातळी, तीस मिनिटांची पातळी आणि दाण्याचा पडण्याचा वेग. मोजनळी, नळी आणि घड्याळ, एवढ्यावर हे काम भागते.