नापास मुलांची शाळा



आज ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं उत्तीर्ण मुलांचा गौरव झाला, तो योग्यच आहे. मला मात्र नापास मुलांविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

इटली देशांत पूर्वीं प्राथमिक शाळा संपतांच मुलांच्या वाटा फुटत. लॅटिन शिकणारा पुढें विद्यापीठापर्यंत जाई. श्रमिकाचा मुलगा धंदेशिक्षणाच्या शाळेंतच थांबे. 1962 सालच्या कायद्यानें अकरा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलांसाठीं एकच शाळा केली. सुधारणा मोठी खरी. परंतु दार उघडलें तरी आंतली परीक्षा जुन्याच वळणाची राहिली, आणि शेतकऱ्यांचीं मुलें नापास होऊन बाहेर पडत राहिलीं.

फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरांत बार्बियाना नांवाचें अगदीं लहान खेडें आहे. तेथें 1954 च्या डिसेंबरांत फादर लोरेन्झो मिलानी ह्यांस पाठविण्यांत आलें. त्यांनीं चर्चलगतच्या आपल्या घरांतच शाळा मांडली. ती दिवसभर चाले. तिला सुटी नसे, गुणपत्रक नसे. मोठा मुलगा धाकट्यास शिकवी. रोज वर्तमानपत्र वाचीत, आणि एकास जरी कळलें नाहीं तरी सारा वर्ग त्याच्यासाठीं थांबे. गरिबास शब्दांचें दारिद्र्य सर्वांत अधिक नडतें, असें फादरांचें मत होतें. (स्वभावानें ते कडक होते, हेंही सांगितलें पाहिजे.)

तेथील आठ मुलांनीं मिळून एका शिक्षिकेस उद्देशून पत्र लिहिलें. प्रत्येक विचार वेगळ्या चिठीवर लिहावयाचा, चिठ्यांच्या राशी लावावयाच्या, मग एकेक अनावश्यक शब्द छाटावयाचा, असें तें काम कित्येक महिने चाललें. नापास होणारीं मुलें कोणाच्या घरचीं, ह्याचा आंकड्यांनिशीं हिशेब त्यांत आहे. 1967 च्या मे महिन्यांत तें पुस्तकरूपानें निघालें. जूनमध्यें, वयाच्या 44 व्या वर्षीं, फादर वारले.

आपल्या देशांत 2009 च्या कायद्याप्रमाणें आठवीपर्यंत कोणास नापास करावयाचें नव्हतें. परंतु पुढें ढकलणें म्हणजे शिकविणें नव्हे. 2019 च्या दुरुस्तीनें पांचवी व आठवींत मुलास मागें ठेवण्याची मुभा सरकारांस मिळाली. मात्र त्याआधीं जादा शिकवणी व निकालापासून दोन महिन्यांच्या आंत फेरपरीक्षा दिली पाहिजे. माझ्या मतें सारी सुधारणा ह्या दोन महिन्यांत आहे. मजुराच्या मुलास तेव्हां घरीं शिकविणारें कोणी नसतें.

आपल्या धर्मग्रामाचें सभागृह सायंकाळीं रिकामें असतें. दहावीची परीक्षा दिलेलीं मुलें त्या दिवसांत मोकळीं असतात. ह्या वर्षीं निकाल लागतांच कोणाच्या घरीं मूल मागें राहिलें, ह्याची यादी प्रत्येक वाडींतून फादरांकडे यावी, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.